ऑलिंपिकवीर पैलवान कै. खाशाबा जाधव : कसरत, खुराक आणि कीर्ती



श्री मारुतीरायाच्या कृपेने आणि ग्रामस्थ व देणगीदार मंडळींच्या उदार साहाय्याने आपल्या मंदिराच्या जीर्णोद्धाराचे कार्य सिद्धीस गेले आहे. या मंगल प्रसंगी निघणाऱ्या स्मरणिकेत एखाद्या थोर बलोपासकाचे चरित्र असावे, हे उचितच होय. मारुती ही शक्तीची, बुद्धीची आणि ब्रह्मचर्याची देवता. आपल्या महाराष्ट्रात मारुतीचे देऊळ आणि तालीम या दोन वास्तू पूर्वापार एकमेकींना लागून उभ्या राहत आल्या. आधी हौदात उतरायचे, अंग मातीने माखायचे, मग आंघोळ करून मारुतीला नमस्कार करायचा, हा खेड्यापाड्यांतील तरुणांचा नित्यक्रम होता. आपल्या देवळाला आता नवा गाभारा व नवा कळस लाभला. देवळालगतच्या तालमीचे काय, हा प्रश्न मात्र आपणा सर्वांपुढे उभा आहे. त्या प्रश्नाचा विचार करताना ज्यांचे स्मरण व्हावे असे एक नाव म्हणजे ऑलिंपिकवीर पैलवान खाशाबा दादासाहेब जाधव.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी झाला. सोलापूरकरांना हा दिवस लक्षात ठेवणे मुळीच कठीण नाही. संक्रांतीच्या सुमारास श्री सिद्धरामेश्वरांची गड्डा यात्रा भरते, सात नंदीध्वज मिरवणुकीने निघतात, त्याच दिवसांत खाशाबांची जयंती येते. नंदीध्वज पेलणारे मानकरी यात्रेपूर्वी कितीतरी दिवस सराव करतात, कारण तो उंच व जड ध्वज तोल सांभाळून चालवणे हे नुसत्या भक्तीचे काम नव्हे. त्यासाठी कंबर, खांदे आणि दम तयार असावा लागतो. भक्ती आणि शक्ती यांचा हा मेळ आपल्या जिल्ह्याच्या अंगवळणीच पडलेला आहे.

बालपण

कऱ्हाडजवळचे गोळेश्वर हे खाशाबांचे गाव. कृष्णा-कोयनेच्या संगमाचा हा परिसर. समर्थ रामदासस्वामींनी स्थापन केलेल्या अकरा मारुतींपैकी मसूर, उंब्रज, शहापूर, चाफळ येथील मारुती याच भागातले. तेव्हा बलोपासनेची परंपरा या मातीत मुरलेली होती. खाशाबांचे वडील दादासाहेब हे स्वतः नावाजलेले पैलवान होते. पाच भावंडांत खाशाबा सर्वांत धाकटे. घर शेतकऱ्याचे. वडिलांनी पोराला पाचव्या वर्षापासूनच मातीची ओळख करून दिली. आठव्या वर्षी त्यांनी परिसरातील एका नावाजलेल्या मल्लाला अवघ्या दोन मिनिटांत चीत केले, असे सांगतात.

पुढे कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात त्यांचे शिक्षण झाले. येथे एक गोष्ट आवर्जून ध्यानात घ्यावी. खाशाबा केवळ कुस्ती एके कुस्ती करीत नव्हते. पोहणे, धावणे, वजन उचलणे, मल्लखांब अशा अनेक प्रकारांत ते रमत. त्या काळी कोणी त्याला शास्त्राचे नाव दिले नव्हते, पण आज मोठमोठे प्रशिक्षक हेच सांगतात, की लहानपणी मुलाने अनेक खेळ खेळावेत. पोहण्याने छाती व खांदे भरतात, श्वासाला लय येते. धावण्याने पायांत ताकद आणि अंगात दम येतो. मल्लखांबाने पकड, लवचिकपणा आणि तोल साधतो. या साऱ्यांचा उपयोग अखेर हौदात होतो. बाबूराव बलावडे व बेलापुरे गुरुजी यांच्या हाताखाली त्यांची कुस्ती तयार झाली.

१९४२ च्या चळवळीतही या विद्यार्थ्याने आपला वाटा उचलला. भूमिगत कार्यकर्त्यांना आसरा देणे, त्यांची पत्रके पोचवणे अशी कामे त्यांनी केल्याचे सांगितले जाते. देश स्वतंत्र झाला तेव्हा खाशाबा एकवीस वर्षांचे होते, आणि जगाच्या आखाड्यात आपला तिरंगा फडकावा ही ओढ त्यांच्या मनात होती.

कोल्हापूर आणि लंडन

पुढील शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात गेले. कोल्हापूर म्हणजे मल्लविद्येची पंढरी. राजर्षी शाहू महाराजांनी १९१२ साली खासबागेचे भव्य मैदान उभे केले होते आणि गावोगावच्या मल्लांना आश्रय दिला होता. पैलवानाला तालीम पाहिजे तसा खुराकही पाहिजे, आणि गरीब घरचा पोर तो एकट्याच्या बळावर भागवू शकत नाही, हे त्या राजाने जाणले होते. हा विचार आपल्या सोलापूरच्या मुलुखातही जुनाच आहे. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात मल्लांचे प्रकार, त्यांचे व्यायाम आणि राजाने त्यांना द्यावयाचा आहार यांचे वर्णन आहे. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, आपल्यापासून काही फार दूर नाही. सिद्धरामेश्वरही त्याच शतकातले. म्हणजे कसरत आणि खुराक यांची जोडी या भागात नऊशे वर्षांपूर्वीही माहीत होती.

महाविद्यालयात खाशाबांची अंगकाठी पाहून हा मुलगा कुस्ती काय करणार, असे प्रथम काहींना वाटले. ते अंगाने ठेंगणे व सडपातळ. वार्षिक स्पर्धेत उतरण्यासाठी त्यांना प्राचार्य खर्डीकर यांच्याकडे जावे लागले, त्यांनी परवानगी दिली, आणि खाशाबांनी आपल्याहून थोराड गड्यांना आस्मान दाखवले, अशी हकीकत सांगतात. त्या दिवसापासून प्राचार्यांची या विद्यार्थ्यावर मर्जी बसली. पुढे या मर्जीने केवढे मोल दिले ते पुढे येईलच.

१९४८ साली लंडन येथे ऑलिंपिक सामने झाले. खाशाबांच्या प्रवासाचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. तेथे गादीवर कुस्ती खेळायची होती. आपल्या पैलवानांची सवय लाल मातीची. ताक, तेल, हळद, लिंबू घालून मळलेली ती मऊ माती पायाला धरते, अंगाला धरते, कुस्तीला वेळेचे बंधन नसते आणि निकाल चीतपटीवर लागतो. गादीवरचा हिशेब निराळा. तेथे पाय सरकतो, वेळ ठरलेला असतो, वजनाचे गट असतात आणि गुणांवर निकाल लागू शकतो. अमेरिकेचे रीस गार्डनर यांनी खाशाबांना त्या वेळी मार्गदर्शन केले. गादीची फारशी सवय नसतानाही खाशाबांनी ऑस्ट्रेलिया व अमेरिका येथील मल्लांना हरवले. पुढे इराणच्या मल्लापुढे त्यांची हार झाली आणि ५२ किलो वजनगटात ते सहावे आले. जगात सहावा क्रमांक ही लहान गोष्ट नव्हे. पण खाशाबा स्वतः समाधानी नव्हते. आपण कोठे कमी पडलो हे त्यांनी पाहिले होते.

चार वर्षांची तपश्चर्या

लंडनहून परतल्यावर खाशाबांनी पुढील चार वर्षे कसून मेहनत केली. या चार वर्षांतच त्यांच्या यशाचे मर्म आहे. १९४८ साली ते ५२ किलोच्या गटात लढले, १९५२ साली ते ५७ किलोच्या गटात उतरले. ऐन पंचविशीतल्या, रोज तासन्‌तास घाम गाळणाऱ्या गड्याच्या अंगावर वाढलेले हे वजन आळसाचे नव्हते. चपळाई न गमावता वजन वाढवणे हे काम नुसते जेवून होत नाही आणि नुसत्या मेहनतीनेही होत नाही. दोन्हींची सांगड लागते.

आपल्या तालमीतली कसरत नीट पाहिली तर तिच्यात मोठे शहाणपण साठवलेले दिसते. जोर मारल्याने छाती, खांदे आणि दंड भरतात, पाठीचा कणा लवचिक होतो. बैठकांनी मांड्या व पिंढऱ्या घट्ट होतात, आणि कुस्तीत पट काढायचा किंवा डाव मारून उठायचे तर बळ मांड्यांतूनच येते. दोरावर चढण्याने पंजाची पकड पक्की होते. करेला, मुदगल आणि गदा फिरवल्याने खांदा व मनगट तयार होते. मानेचे व्यायाम करणारा गडी सहसा चीत होत नाही आणि त्याच्या मानेला इजाही कमी होते. हौद खणणे हीसुद्धा कसरतच, त्याने कंबर आणि दम दोन्ही वाढतात.

आजच्या शास्त्राने यात थोडी भर घातली आहे. रोज तेच ते हजार जोर काढण्यापेक्षा काही दिवस कमी आवर्तने पण जास्त वजन, काही दिवस जोराच्या छोट्या धावा व मध्ये थोडी विश्रांती, असा बदल ठेवला तर ताकद व दम अधिक वाढतो. आजची गादीवरची कुस्ती तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची असते. तेवढ्या वेळात सर्व ताकद लावायची, मधल्या अर्ध्या मिनिटात श्वास सावरायचा आणि पुन्हा भिडायचे. म्हणून सरावही त्याच पद्धतीचा हवा. आठवड्यातून निदान एक दिवस अंगाला विश्रांती हवी आणि रात्री आठ तासांची झोप हवी, कारण कसरतीने स्नायूंची झीज होते आणि त्यांची भरती विश्रांतीत होते. हे नियम एकट्या कुस्तीचे नव्हेत. लाठी, दांडपट्टा यांसारखे आपले मर्दानी खेळ असोत, की हल्ली मुले-मुली शिकतात ते ज्यूदो-कराटे असोत, अंगात दम व पायात बळ नसेल तर शिकलेला डाव ऐन वेळी हातून निसटतो.

हेलसिंकीची वाट

१९५२ सालचे ऑलिंपिक फिनलंड देशातील हेलसिंकी येथे व्हायचे होते. खाशाबांची निवड सहज झाली नाही. मद्रास येथील राष्ट्रीय स्पर्धेत आपल्याला गुण देताना अन्याय झाला असे त्यांना वाटले आणि त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. पुन्हा लढत ठरली, खाशाबांनी ती जिंकली आणि संघात स्थान मिळवले.

आता प्रश्न पैशाचा. सरकारकडून पुरेशी मदत वेळेवर मिळेना. खाशाबा दारोदार हिंडले. गोळेश्वर-कऱ्हाडकडच्या लोकांनी यथाशक्ती वर्गणी दिली. आणि प्राचार्य खर्डीकर यांनी काय करावे? आपले राहते घर गहाण टाकून त्यांनी ७,००० रुपये उभे केले. १९५२ सालचे सात हजार! शिक्षकाचा पगार त्या काळी किती तो आपल्या वडीलधाऱ्यांना विचारावा, म्हणजे या रकमेचे वजन कळेल. विद्यार्थी जिंकून येईल याची कोणतीही हमी नव्हती. देणगीदार बंधू-भगिनींनो, दान कशाला म्हणावे याचा हा धडा आहे.

हेलसिंकीत ५७ किलोच्या फ्रीस्टाइल गटात खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको व जर्मनी या देशांच्या मल्लांना हरवले. पुढे जपानचे शोहाची इशी आणि सोव्हिएत रशियाचे रशीद मम्मदबेयोव यांच्याशी गाठ पडली. इशी हे मुळात ज्यूदो खेळणारे. युद्धानंतर जपानवर दोस्त राष्ट्रांचा अंमल असताना ज्यूदोवर बंधने आली, तेव्हा ते कुस्तीकडे वळले. त्यांच्याशी झालेली झुंज लांबली आणि खाशाबा हरले. त्यानंतर पुरेशी विश्रांती न मिळताच त्यांना पुढच्या कुस्तीला उभे राहावे लागले. दोन कुस्त्यांमध्ये ठरावीक अवधी मिळावा असा नियम होता, पण त्यांची बाजू मांडायला आपला कोणी अधिकारी तेथे हजर नव्हता, असे सांगितले जाते. थकलेल्या अंगाने ते लढले. इशी यांना सुवर्ण, मम्मदबेयोव यांना रौप्य आणि खाशाबांना कांस्यपदक मिळाले. तारीख होती २३ जुलै १९५२. स्वतंत्र भारताच्या खेळाडूने वैयक्तिक प्रकारात मिळवलेले हे पहिले ऑलिंपिक पदक होय.

या यशाचे मोल पुढच्या वर्षांनी दाखवून दिले. असे दुसरे वैयक्तिक पदक येण्यास १९९६ साल उजाडावे लागले, तेव्हा लिअँडर पेस यांनी टेनिसमध्ये कांस्य मिळवले. कुस्तीत दुसरे पदक २००८ साली सुशीलकुमार यांनी आणले, म्हणजे छप्पन्न वर्षांनी. आणि महाराष्ट्राला दुसरे वैयक्तिक पदक मिळाले ते २०२४ साली, कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचे नेमबाज स्वप्नील कुसळे यांच्यामुळे. मधे बहात्तर वर्षे गेली.

गावाने केलेला सन्मान

खाशाबा परतले तेव्हा कऱ्हाडच्या स्टेशनावर माणसांचा समुद्र लोटला होता. दीडशेच्या आसपास बैलगाड्या, ढोल, लेझीम, फटाके असा थाट होता. स्टेशनापासून गोळेश्वरच्या महादेवाच्या देवळापर्यंतचे एरवी थोडक्या वेळाचे अंतर, पण मिरवणुकीला त्या दिवशी सात तास लागले म्हणतात. मिरवणूक देवळापाशी आली यातच सर्व आले. गावाने पोराला परदेशी धाडले, पोराने नाव काढले आणि ते यश गावाने देवाच्या पायी ठेवले.

पुढची गोष्ट याहूनही मोठी. खाशाबांनी कुस्त्यांची मैदाने भरवली, त्यांतून पैसा उभा केला आणि प्राचार्यांचे गहाण पडलेले घर सोडवून दिले. पदक जिंकणे ही ताकदीची गोष्ट झाली, ऋण फेडणे ही माणुसकीची.

खुराकाचा हिशेब

खाशाबांसारख्या शेतकऱ्याच्या मुलाची गोष्ट वाचली की आईबापांच्या मनात पहिला प्रश्न येतो तो खर्चाचा. पैलवान पोसणे म्हणजे हत्ती पोसणे, अशी समजूत आहे. बदाम, तूप, थंडाई, मटण यांच्या खर्चाला भिऊन कित्येक पालक पोराला तालमीत धाडत नाहीत. तेव्हा खुराकाचा थोडा हिशेब येथे मांडतो.

तूप व साखर यांपासून अंगाला उष्णता म्हणजे काम करण्याची शक्ती मिळते. स्नायू बांधले जातात ते मात्र प्रथिनांनी. रोज कसून मेहनत करणाऱ्या तरुणाला दर किलो वजनामागे सुमारे दीड ग्रॅम प्रथिने पुरतात. ६० किलोच्या गड्याला दिवसाला सुमारे ९० ग्रॅम. आता आपल्या घरातच पाहा. ज्वारीच्या ३०० ग्रॅम पिठाच्या भाकरींत सुमारे ३० ग्रॅम, १०० ग्रॅम डाळ किंवा मटकी-हरभऱ्याच्या उसळीत सुमारे २२ ग्रॅम, अर्धा लिटर दुधात सुमारे १६ ग्रॅम, ५० ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे १२ ग्रॅम आणि दोन अंड्यांत १२ ग्रॅम. बेरीज ९२ झाली. माळकरी घरात अंडी चालत नसतील तर मूठभर फुटाणे वाढवावेत. बदाम महाग म्हणून हळहळण्याचे कारण नाही, शेंगदाण्यात प्रथिने बदामाहून थोडी अधिकच असतात. मंगळवेढ्याची ज्वारी, आपल्या रानातली तूर, हरभरा व भुईमूग, गोठ्यातले दूध, यांतूनच पैलवान घडू शकतो. त्यास पालेभाजी, एखादे फळ आणि कसरतीनंतर केळे व दूध यांची जोड दिली म्हणजे झाले.

दुसरी गोष्ट पाण्याची. सोलापूरचा उन्हाळा चाळीस अंशांच्या वर जातो. अशा दिवसांत तालीम पहाटे किंवा दिवे लागल्यावर करावी. ६० किलोच्या गड्याचे घामाने सव्वा किलो वजन उतरले तर त्याची ताकद व चलाखी मंदावते. पाणी पिणे म्हणजे नाजूकपणा, ही जुनी समजूत सोडून द्यावी. पाणी, ताक, लिंबू-मीठ-साखरेचे सरबत मधून मधून घ्यावे.

तिसरी गोष्ट वजन उतरवण्याची. स्पर्धेच्या आदल्या दिवशी उपाशी राहून, पाणी तोडून, उन्हात पळून वजन कमी करण्याची घातक रीत मुलांत शिरली आहे. १९९७ साली अमेरिकेत अशाच नादात तीन महाविद्यालयीन पैलवान थोड्या आठवड्यांच्या अंतराने मरण पावले, त्यानंतर तेथील नियम बदलावे लागले. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगट अंतिम फेरीत पोचल्या होत्या, पण ५० किलोच्या गटात सुमारे शंभर ग्रॅम वजन जास्त भरल्याने त्यांना बाद व्हावे लागले. त्याच स्पर्धेत अमन सेहरावत यांनी खाशाबांच्याच ५७ किलो गटात कांस्य मिळवले, पण त्यांनाही रातोरात साडेचार किलोंवर वजन उतरवावे लागले होते. ते तज्ज्ञांच्या देखरेखीखाली होते. गावच्या पोराजवळ कोणी तज्ज्ञ नसतो. वाढत्या वयाच्या मुलाने वजन उतरवण्याच्या भरीस पडू नये, अंगाला शोभेल त्या गटात खेळावे. खाशाबांनी तेच केले. जुन्या गटात अंग कोंबण्याऐवजी ते वरच्या गटात ताकदीनिशी गेले.

चौथी आणि सर्वांत गंभीर गोष्ट म्हणजे इंजेक्शने व बनावट पावडरी. झटपट शरीर कमावण्यासाठी काही तरुण त्यांच्या नादी लागतात. त्यांतल्या कित्येक औषधांनी यकृत व हृदय बिघडते, आणि खेळातून चार वर्षांची बंदी येऊ शकते ती वेगळीच. चार वर्षांत खाशाबांनी देशाला पदक आणले, तीच चार वर्षे बंदीत घालवायची की काय, याचा तरुणांनी विचार करावा.

उत्तरायुष्य

१९५५ साली खाशाबा पोलीस खात्यात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले. पोलिसांच्या स्पर्धा त्यांनी गाजवल्या, पुढे खेळाडूंना शिकवलेही. बढती मात्र वर्षानुवर्षे रखडली. अखेरीस सहायक पोलीस आयुक्त म्हणून ते निवृत्त झाले. निवृत्तिवेतनासाठीही त्यांना झगडावे लागले. ज्या माणसाच्या मिरवणुकीला दीडशे बैलगाड्या होत्या, त्याचे उत्तरायुष्य ओढगस्तीत गेले. १९८२ साली दिल्लीच्या आशियाई सामन्यांच्या वेळी ज्योत घेऊन धावण्याचा मान त्यांना मिळाला. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचे निधन झाले. तेव्हा ते ५८ वर्षांचे होते.

मोठे मान त्यांच्या पश्चात आले. २००० साली केंद्र सरकारने त्यांना मरणोत्तर अर्जुन पुरस्कार दिला. २०१० च्या राष्ट्रकुल सामन्यांच्या वेळी दिल्लीतील कुस्तीच्या क्रीडागृहाला त्यांचे नाव देण्यात आले. त्यांचा जन्मदिन, १५ जानेवारी, आता महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जातो. माणूस हयात असताना त्याची कदर करणे समाजाला जमले नाही, ही खंत मात्र उरतेच.

आपले कर्तव्य

ग्रामबंधू-भगिनींनो, खाशाबांच्या चरित्रातून आपल्या गावाने काय घ्यावे? त्यांच्या पाठीशी वडील होते, गुरू होते, राजा होता, घर गहाण टाकणारा प्राचार्य होता आणि वर्गणी देणारे गाव होते. एकटा पैलवान ऑलिंपिकला जात नाही, गाव त्याला पोचवते. आपल्या तालमीचे छप्पर गळते आहे, हौदातली माती कित्येक दिवसांत बदललेली नाही, संध्याकाळी तेथे येणारी मुले हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. मंदिरासाठी ज्या एकोप्याने आपण दगड, सिमेंट आणि रोख रक्कम गोळा केली, त्याच एकोप्याने तालमीसाठी काही करता आले तर मारुतीरायाची खरी सेवा घडेल.

काम फार मोठे नाही. हौदात नवी लाल माती घालावी. एका बाजूला जुनी असली तरी चालेल अशी एक गादी मिळवावी, कारण पुढच्या स्पर्धा गादीवरच होतात. ज्यांच्या घरी दुभते आहे त्यांनी आळीपाळीने थोडे थोडे दूध तालमीला द्यावे, ज्यांच्या रानात भुईमूग व हरभरा पिकतो त्यांनी सुगीच्या वेळी एखादे पोते द्यावे. देवापुढे नारळ फोडतो, त्याचे खोबरेही मुलांच्या मुखी पडावे. मुलींसाठी वेगळी वेळ ठेवावी. २०१६ साली साक्षी मलिक यांनी कुस्तीत पदक आणल्यापासून मुलगी आणि कुस्ती यांत अंतर उरलेले नाही. सूज्ञ वस्तादाच्या देखरेखीखाली, मोजके वजन, मोजकी कसरत आणि पोटभर सकस अन्न, एवढे जमले तरी पुढच्या वर्षी १५ जानेवारीला आपल्या तालमीत दहा-वीस निरोगी पोरे शड्डू ठोकताना दिसतील. त्यांतला एखादा मोठा पैलवान होईल, बाकीचे व्यसनांपासून दूर राहून धडधाकट शेतकरी, जवान, शिक्षक होतील. तोही लाभ थोडा नव्हे.

 देणगीदारांनी तालमीकडेही एकदा पाहावे अशी नम्र विनंती करून, कै. खाशाबा जाधव यांच्या स्मृतीस वंदन करून हा लेख पुरा करतो. आपल्या गावातील मुलाबाळांस बल, बुद्धी आणि आरोग्य लाभो, हीच श्री मारुतीचरणी प्रार्थना.